जिंकत आलेले डाव आणि उठून गेलेले खेळाडू

पाळीपाळीने खेळावयाच्या व्यूहरचनेच्या व्हिडिओ गेमांचे परीक्षण लिहिणारा समीक्षक बहुधा पहिल्या शंभर-दीडशे खेळींविषयीच लिहितो, आणि याचा दोष त्याच्या आळसाकडे देण्याचे कारण नाही. कारण ज्या वाचकांसाठी तो लिहितो त्यांतील पुष्कळांनीही त्यापलीकडचा मुलूख क्वचितच पाहिलेला असतो. कोणत्याही खेळात हरणारा मनुष्य कंटाळून उठून जातो यात नवल वाटण्यासारखे काही नाही. परंतु या कलाप्रकाराची विलक्षण गोष्ट अशी, की येथे डाव अर्धवट टाकून जाणारा खेळाडू पुष्कळदा जिंकत असतो. प्रतिस्पर्ध्यांची निम्मी शहरे त्याच्या अमलाखाली आलेली असतात, खजिना भरलेला असतो, शास्त्रविद्येत तो शेजाऱ्यांच्या दोन पिढ्या पुढे असतो, आणि नेमक्या अशा वेळी, ज्या विजयासाठी त्याने कित्येक रात्री जागविल्या तो अगदी हाताशी आला असता, तो डाव ‘सेव्ह’ करतो, संगणक बंद करतो आणि पुन्हा त्या साम्राज्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पुढल्या रविवारी तो बसतो तो नव्या नकाशावर, एक वसाहतकऱ्यांची तुकडी आणि एक गदाधारी योद्धा घेऊन.

हा प्रकार अपवादात्मक असता तर त्याची मीमांसा करण्याची गरज नव्हती. परंतु या कलेत सर्वाधिक प्रतिष्ठा पावलेली जी मालिका, ती ‘सिव्हिलायझेशन’, तिच्या आजच्या कर्त्या फिराक्सिस या संस्थेनेच आपल्या सातव्या अवताराची वाच्यता करताना, पुष्कळ खेळाडू आपले डाव शेवटास नेत नाहीत, हे उघडपणे मान्य केले आणि त्या गोष्टीचा बंदोबस्त हे नव्या रचनेमागील एक प्रमुख प्रयोजन म्हणून सांगितले. एखाद्या कादंबरीकाराने प्रस्तावनेत ‘माझ्या वाचकांपैकी बहुतेक जण शेवटचे प्रकरण वाचीत नाहीत’ असे लिहावे, तशातलाच हा कबुलीजबाब होय. आणि तो देणाऱ्या संस्थेच्या प्रामाणिकपणाविषयी आदर बाळगूनही, रोगाचे निदान तिने बरोबर केले आहे काय, असा प्रश्न विचारणे समीक्षेस प्राप्तच आहे.

प्रथम या खेळांचा कुलवृत्तांत थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. 1991 साली सिड मायर आणि ब्रूस शेली या दोघांनी मायक्रोप्रोज या कंपनीसाठी ‘सिव्हिलायझेशन’ रचला. इसवी सनापूर्वी 4000 या वर्षी एक शहर वसवून प्रारंभ करावयाचा आणि पृथ्वीवरील सर्व प्रतिस्पर्ध्यांचा निःपात करून, अथवा आल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे अवकाशयान पाठवून डाव संपवावयाचा, असा त्याचा मूळ संकल्प होता. दोन वर्षांनी, 1993 साली, स्टीव्ह बार्शिया यांच्या ‘मास्टर ऑफ ओरायन’ने तोच पसारा ताऱ्यांच्या विश्वात नेला, आणि त्याच वर्षी अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने त्या खेळाविषयी लिहिताना शोध, विस्तार, दोहन आणि उच्छेद या चतुःसूत्रीवरून या सर्व जातीस ‘फोर-एक्स’ हे नाव दिले, जे पुढे सर्वमान्य झाले. या चार सूत्रांचा क्रम लक्षपूर्वक पाहिला म्हणजे आपल्या विषयाची नाडी हाती येते. शोधात विस्मय आहे, विस्तारात लोभ आहे, दोहनात हिशेबाचे सुख आहे. उच्छेदाच्या वाट्याला मात्र केवळ अंमलबजावणी उरते. पहिल्या तिन्हींमध्ये पुढे काय वाढून ठेवले आहे हे खेळाडूस ठाऊक नसते, आणि चौथ्यात ते ठाऊक असूनही करीत राहावे लागते.

असे का होते? या खेळांतील अर्थव्यवस्था चक्रवाढीची आहे. ज्या सावकाराचे मुद्दल एकदा शेजारच्या सावकाराहून थोडे अधिक झाले, त्याचे व्याज दरसाल अधिक, म्हणून पुढील साली मुद्दल आणखी अधिक, आणि अशी काही साले लोटली की दोघांतील अंतर भरून काढणे शेजाऱ्यास कोणत्याही कर्तबगारीने शक्य राहत नाही. त्याप्रमाणेच, ज्या खेळाडूने पन्नासाव्या खेळीस एक शहर अधिक वसविले, त्याची दीडशेव्या खेळीस किती पुढे मजल गेलेली असेल हे जवळपास ठरूनच गेलेले असते. अनुभवी खेळाडूस हे कळते. ते त्याला खेळ संपण्याच्या कितीतरी आधी कळते, आणि कळल्यानंतर उरलेला काळ त्याने कशासाठी खेळावे याचे उत्तर खेळापाशी नसते.

यात काठिण्याच्या पायऱ्यांची व्यवस्थाही भर घालते. ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या अवतारात, जो 2016 साली आला, काठिण्याच्या आठ पायऱ्या आहेत, परंतु वरच्या पायरीवर संगणकाची बुद्धी अधिक तीक्ष्ण होत नाही, केवळ त्याची शिबंदी वाढते. ‘डीटी’ या सर्वोच्च पायरीवर खेळाडू एका वसाहतकरी तुकडीने आरंभ करतो, तर त्याचा प्रत्येक प्रतिस्पर्धी तीन तुकड्यांनी, आणि त्यावर उत्पादनाची व शास्त्राची सवलत निराळी. म्हणजे सारी अडचण डावाच्या मुखाशीच आणून ठेवलेली असते. पहिल्या शंभर खेळींत खेळाडू जीव मुठीत धरून जगतो. तेवढ्यात तो तग धरून राहिला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या बरोबरीस आला, की ज्या संगणकाला मुळात नीट युद्ध करता येत नव्हते त्याला मागे टाकणे हे केवळ कालहरणाचे काम राहते. काठिण्य वाढविल्याने शेवट अधिक रंगतदार होईल ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते.

आता या निश्चित झालेल्या विजयाकडे जाण्याचा मार्ग कसा असतो ते पाहू, कारण केवळ निश्चिती हे कंटाळ्याचे पुरेसे कारण नव्हे. कीर्तनातील आख्यानाचा शेवट श्रोत्यास ठाऊक असतो, तरी तो अर्ध्यातून उठत नाही. या खेळांचा खरा जाच असा, की ज्या प्रमाणात निर्णयांचे वजन घटते त्याच प्रमाणात त्यांची संख्या वाढते. आरंभी एका खेळीत एकच निर्णय घ्यावयाचा असतो, परंतु तो निर्णय नदीकाठी शहर वसवावे की डोंगरापाशी, असा पुढील हजारो वर्षांवर परिणाम करणारा असतो. अडीचशेव्या खेळीस मात्र खेळाडूपुढे वीस शहरांचे अर्ज, चाळीस तुकड्यांचे तगादे, व्यापारी तांड्यांचे परवाने, हेरांच्या नेमणुका, शेजारी राजांचे खलिते आणि गव्हर्नरांच्या बदल्या यांचा असा ढीग साचतो, की सम्राट म्हणून ज्याने सिंहासन मिळविले त्यास हेडक्लार्कची खुर्ची मिळाल्याचे ध्यानात येते. पाचव्या आणि सहाव्या अवतारांत तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील ज्या बटणाने खेळी संपवावयाची, तेच बटण एखाद्या हेकट शिरस्तेदाराप्रमाणे प्रत्येक कागदावर शेरा मारल्यावाचून पुढे सरकू देत नाही: या शहराने काय बांधावे ते सांगा, या तुकडीस हुकूम द्या, या धर्मोपदेशकाचे काय करावयाचे ते ठरवा. आणि यांपैकी कोणत्याही उत्तराने निकालात यत्किंचितही फरक पडणार नाही, हे विचारणाऱ्यास ठाऊक नसले तरी उत्तर देणाऱ्यास पुरते ठाऊक असते.

2010 सालच्या पाचव्या अवताराने एका षट्कोनी घरात एकच लष्करी तुकडी राहील असा नियम केला. युद्धाच्या आरंभीच्या टप्प्यात या नियमाने मोठीच बहार आणली, हे मान्य केले पाहिजे. खिंड अडविणे, तोफखाना मागे ठेवून घोडदळ बगलेने नेणे, या गोष्टींना त्यापूर्वी कधी नव्हता तो अर्थ आला. परंतु तोच नियम विजयी फौज खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्याच्या वेळी शिक्षेसारखा होतो, कारण तीस तुकड्या एकमेकींच्या पायांत न येता एकेका षट्कोनावरून सरकवाव्या लागतात. विजयाचे अन्य मार्गही फारसे दयाळू नाहीत. सहाव्या अवताराच्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या 2019 सालच्या पुरवणीत विज्ञानमार्गाने जिंकणाऱ्याने दूरच्या ग्रहाकडे यान सोडल्यावर ते यान पन्नास प्रकाशवर्षे तुडवीपर्यंत थांबावयाचे असते. लेसर केंद्रे बांधून त्याचा वेग वाढविता येतो खरा, पण मधल्या खेळींत खेळाडूचे मुख्य कर्तव्य म्हणजे बटण दाबीत राहणे. धर्ममार्गाने जाणाऱ्याने प्रत्येक राष्ट्रातील बहुसंख्य शहरे आपल्या पंथात आणावयाची असतात, आणि प्रायः एखादे शेवटचे राष्ट्र दूरच्या बेटांवर आपले देव धरून बसलेले असते. पाचशेव्या खेळीस, म्हणजे 2050 साली, डाव आपोआप संपतो. तेथवर पोचणारा खेळाडू मी मात्र अद्याप पाहिलेला नाही.

यावर चाहते असे उत्तर देतात की मनुष्याने जिद्द ठेवावी, शेवटचा पडदा पाहावा. शेवटच्या पडद्यावर काय असते? या मालिकेच्या अनेक अवतारांत खेळाडूच्या कारकिर्दीची तुलना इतिहासातील राज्यकर्त्यांशी केली जाते. वरच्या टोकास ऑगस्टस सीझर आणि तळाशी अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डॅन क्वेल. हा विनोद चांगला आहे, पण दहा तासांच्या दफ्तरीकामाचा मोबदला म्हणून अपुरा आहे. त्याखेरीज विजयाच्या घोषणेशेजारीच ‘आणखी फक्त एक टर्न’ अशी सोयही ठेवलेली असते. ज्या वाक्याने या मालिकेची झोप उडविणारी ख्याती जगभर झाली, ते वाक्य नेमके अशा स्थळी छापावे जेथे त्याची इच्छा होण्याचा संभव सर्वांत कमी, यात कर्त्यांची थट्टा आहे की अनवधान, हे ठरविणे कठीण.

माझ्या मते या कलेतील खरा अभाव निराळ्याच ठिकाणी आहे, आणि तो ओळखण्यासाठी बुद्धिबळाकडे वळावे लागते. बुद्धिबळातही डाव संपण्यापूर्वीच निकाल ठरतो. उत्तम खेळाडूंच्या सामन्यात शहामात प्रत्यक्ष पटावर क्वचितच होते. एक प्यादे आणि दोन घरांची मोक्याची जागा गेली, की हरणारा घड्याळ थांबवितो, हात पुढे करतो आणि डाव संपतो. जपानी-चिनी ‘गो’ या खेळातही व्यावसायिकांचे कितीतरी डाव घरे मोजण्यापूर्वी अशाच कबुलीने मिटतात. या रूढीने दोन गोष्टी साधतात: निश्चित झालेल्या निकालाची निरर्थक अंमलबजावणी टळते, आणि, जे त्याहून महत्त्वाचे, विजय एका जाणत्या प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून वदविला जातो. डाव संपविण्याचा अधिकार हरणाऱ्याचा आहे. संगणकाविरुद्ध खेळल्या जाणाऱ्या व्यूहरचनेच्या खेळांत हा अधिकार बजावणारा कोणीच नाही. ज्याच्यापाशी बर्फाळ प्रदेशातील एकुलते एक शहर उरले आहे, असा संगणकाचा राजाही त्याच तोऱ्यात खलिते पाठवितो, तुमच्या साम्राज्याचा निषेध करतो आणि भाला घेतलेल्या एका तुकडीनिशी तुमच्या रणगाड्यांची वाट पाहतो. हार मानणारा कोणी नसल्यामुळे डाव सोडण्याचे काम जिंकणाऱ्यावर येते, आणि तो ते एकट्याने, कोणाशीही न बोलता, पार पाडतो. ज्यास आपण कंटाळा म्हणतो तो अशा रीतीने एक निवाडाच असतो.

या म्हणण्यास पुष्टी देणारा अनुभव असा, की मित्रमंडळी जेव्हा एकमेकांविरुद्ध हेच खेळ खेळतात तेव्हा डाव कोठे थांबवावयाचा याविषयी फारशी कुरकुर होत नाही. एकाचा जोर सर्वांस दिसला की बाकीचे हसून हात टेकतात आणि नवा नकाशा उघडतात. आणि यंत्राला ही रीत शिकविता येत नाही असेही नाही. 13 मार्च 2016 रोजी सोल येथे ‘गो’ खेळणाऱ्या ‘अल्फागो’ या यंत्राने व्यावसायिक खेळाडू ली सेडोल यांच्याविरुद्धच्या चौथ्या डावात, 180 खेळ्यांनंतर, आपला पराभव पडद्यावर एका लहानशा चौकटीत लिहून जाहीर केला. आपल्या विजयाच्या संभाव्यतेचा अंदाज ठराविक मर्यादेखाली गेल्यास डाव सोडावा, एवढीच आज्ञा त्यास दिलेली होती. त्या मालिकेत ली सेडोल यांचा हा एकमेव विजय. आणि तो ज्यांनी पाहिला त्यांना त्या चौकटीचे मोल सांगावयास नको.

कर्त्यांनी मात्र तीस वर्षे बहुतांशी दुसऱ्याच वाटेने उपाय शोधले. त्यांचे निदान असे, की शेवट सोपा म्हणून कंटाळवाणा. तेव्हा तो अवघड करावा. 2001 सालच्या तिसऱ्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये राजधानीपासून दूर असलेल्या शहरांतील उत्पन्न पूर्वीहून अधिक भ्रष्टाचारात गडप होऊ लागले, 2005 सालच्या चौथ्यात, ज्याचे मुख्य शिल्पकार सोरेन जॉन्सन होते, शहरांच्या संख्येप्रमाणे व अंतराप्रमाणे देखभालीचा खर्च चढू लागला, पाचव्याच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या 2013 सालच्या पुरवणीत प्रत्येक नव्या शहरामागे शास्त्रशोध पाच टक्क्यांनी महागला. यांपैकी जॉन्सन यांचा उपाय सर्वांत समंजस, कारण तो विस्तारास बंदी न घालता त्याची किंमत आगाऊ सांगतो. तरीही या तिन्हींनी आघाडी केवळ लांबणीवर टाकली; एकदा घेतलेल्या आघाडीचे पुढे काय, या प्रश्नास त्यांनी हात लावला नाही.

अधिक धीट उपाय 2011 सालच्या ‘टोटल वॉर: शोगुन 2’ने केला. या मालिकेत राज्यकारभार पाळीपाळीने चालतो आणि लढाया मात्र प्रत्यक्ष वेळेत होतात. खेळाडूच्या घराण्याची कीर्ती एका मर्यादेपलीकडे गेली, अथवा त्याने क्योतो काबीज केले, की शोगुन त्यास राजद्रोही ठरवितो आणि बघताबघता जवळजवळ सारा जपान, कालचे दोस्तही, त्याच्यावर चालून येतो. कल्पना मोठी नाट्यपूर्ण खरी, आणि प्रथमदर्शनी अंगावर काटा उभा करणारी. परंतु दुसऱ्या डावापासून खेळाडू काय करतो? तो त्या मर्यादेच्या एक पाऊल अलीकडे मुद्दाम थांबतो, फौजा जमवितो, कोठारे भरतो, व्यापाराची बंदरे आपल्या ताब्यात आहेत याची खातरजमा करतो आणि मग मुहूर्त पाहिल्याप्रमाणे एक किल्ला घेऊन सर्वांचा रोष ओढवून घेतो. संकट हिशेबाच्या वहीत एक बाब होऊन बसले. शिवाय कालचा मित्र आज कोणत्याही कारणावाचून शत्रू झाला, हे पाहणाऱ्यास वाटते ती हुरहूर नव्हे. आपल्या इतक्या वर्षांच्या मुत्सद्देगिरीस जपानच्या राजकारणात काडीचीही किंमत नव्हती, असा चडफडाट वाटतो.

याच मालिकेतील 2009 सालच्या ‘एम्पायर’चा उल्लेख मराठी वाचकासमोर केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे, कारण तेथे 1700 या वर्षापासून मराठ्यांचे राज्य आपल्यास चालविता येते. ताराबाईंनी ज्या वर्षी कारभार हाती घेतला तेच हे वर्ष, आणि समोर औरंगजेबाची अवाढव्य सत्ता. म्हणजे प्रारंभ याहून उत्कट असूच शकत नाही. पहिली वीस-पंचवीस वर्षे खेळाडू अक्षरशः श्वास रोखून खेळतो. मोगल मोडले की मात्र हिंदुस्थानच्या नकाशावर त्याच्यापुढे उभे राहणारे असे फारसे कोणी उरत नाही, आणि अटकेपार झेंडा लावण्याचे जे काम इतिहासात 1758 साली झाले व ज्याचा भार पुढे तीनच वर्षांत पानिपतावर उतरला, ते येथे एखाद्या सुभेदाराच्या फेरफटक्याइतक्या निर्वेधपणे पार पडते. चौथाई-सरदेशमुखीची वसुली, सरदारांचे परस्पर हेवेदावे, उत्तरेतील कर्ज, दूरच्या फौजेची उपासमार, यांपैकी ज्या ज्या गोष्टींनी खऱ्या मराठी राज्याचा उत्तरार्ध गुंतागुंतीचा व शोकपूर्ण केला त्यांस या खेळात थाराच नाही. मी स्वतः हा डाव 1799 पर्यंत कधी नेला नाही, आणि नेण्याची इच्छाही झाली नाही.

इतिहासातील ही पडझड खेळात आणावी असे कर्त्यांस वाटत नव्हते असे मात्र नव्हे. सिड मायर यांनी 2010 साली खेळरचनेच्या मानसशास्त्रावर दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात सांगितले, की संस्कृतींचा केवळ उदय न दाखविता ऱ्हासही दाखवावा हा मूळ विचार होता. परंतु ऱ्हासाची पहिली चाहूल लागताच खेळाडू मागील ‘सेव्ह’ उघडून संकटापूर्वीच्या क्षणी परततो, असे आढळून आले. याच व्याख्यानात त्यांनी हेही नमूद केले की तीनास एक अशा अनुकूल प्रमाणात लढूनही हार झाली, तर खेळाडू ती गणिताची रीत म्हणून न स्वीकारता आपल्यावरील अन्याय मानतो. म्हणजे या कलेस दोन्ही बाजूंनी चिमटा आहे: खाली जाणे खेळाडू सहन करीत नाही, आणि वर गेल्यावर तेथे राहत नाही. सहाव्या अवताराच्या ‘राइज अँड फॉल’ या 2018 सालच्या पुरवणीने तमोयुगाची योजना करून पुन्हा एकदा तो जुना संकल्प आजमावून पाहिला. तेव्हा चतुर खेळाडूंनी पुढील ‘वीरयुगा’चा लाभ पदरात पडावा म्हणून तमोयुग मुद्दाम ओढवून घेण्याची युक्ती काढली.

एक किंचित निराळी व्यथा लढाईप्रधान खेळांची आहे, आणि तिचा परामर्श मी थोडक्यातच घेणार आहे. 1990 साली निघालेल्या ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी मालिकेत मेलेला योद्धा कायमचा जातो. परिणामी, लढाई जिंकत आलेली असताना एखादी लाडकी धनुर्धर मुलगी पडली, की खेळाडू सारी लढाई पुसून पहिल्यापासून मांडतो. जिंकत असताना डाव सोडण्याचाच हा एक प्रकार, पण येथे कारण कंटाळा नसून ममत्व आहे, आणि म्हणूनच तो मला कमी आक्षेपार्ह वाटतो. 2017 सालच्या ‘एकोज’मध्ये आणि 2019 सालच्या ‘थ्री हाउसेस’मध्ये मोजक्या वेळा काळ मागे फिरविण्याची सोय देऊन कर्त्यांनी या वेडास कायदेशीर मान्यता दिली, हे शहाणपणाचेच झाले. जेक सॉलोमन यांच्या 2012 सालच्या ‘एक्सकॉम’ या परग्रहवासीयांशी लढण्याच्या खेळाने नेम चुकण्याच्या संतापास जगभर कुप्रसिद्धी मिळवून दिली, तरीही तेथे मोहिमा लहान असल्यामुळे तो संताप खेळाडूस पुढेच ढकलतो. ज्युलियन गॉलप यांच्या 1994 सालच्या मूळ खेळात मात्र सारे परग्रहवासी मारले गेल्यावर उरलेला शेवटचा एक जण कोणत्या गोठ्यात दडून बसला आहे, हे शोधीत अंधारात हिंडण्याचा जो प्रसंग वारंवार येई, त्याने किती मोहिमा अर्धवट राहिल्या असतील कोण जाणे.

हार मानणारा प्रतिस्पर्धी रचण्याचे प्रयत्न अगदीच झाले नाहीत असे म्हणता येत नाही, आणि ते थोडे असले तरी या कलेतील सर्वांत सूचक प्रयत्न होत. ‘मास्टर ऑफ ओरायन’मध्ये आकाशगंगेत वस्ती पुरेशी पसरली की सर्व जातींची महासभा भरते, दोन बलाढ्य राजांपैकी एकाची निवड लोकसंख्येनुसार मते मोजून होते, आणि दोनतृतीयांश मते मिळविणारा सम्राट ठरतो, ज्यास हा कौल मान्य नसेल त्याने सर्वांविरुद्ध शस्त्र उचलावे. 1993 सालच्या या योजनेत जी जाण आहे ती पुढील कित्येक खेळांत लोप पावली. 1999 सालच्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3’ने ज्याच्यापाशी एकही नगर उरले नाही त्यास सात दिवसांची मुदत घातली; तेवढ्यात नगर मिळविले नाही तर तो डावातून बाद, त्याच्या उरल्यासुरल्या वीरांमागे जंगलोजंगल धावण्याचे कारण नाही. 2006 साली चौथ्या ‘सिव्हिलायझेशन’ला जोडलेल्या ‘वॉरलॉर्ड्स’ने तर मांडलिकत्वाची व्यवस्थाच आणली: पुरेसा मार खाल्लेला राजा शरण येतो, तह करतो, आणि त्याचे शहरन् शहर जाळण्याच्या कर्मातून विजेता सुटतो. त्याच वर्षीच्या ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स 2’मध्ये हरणारा पक्ष आपले सारे ग्रह तुमच्याऐवजी तुमच्या शत्रूच्या स्वाधीन करून अंतर्धान पावे. यावर खेळाडूंनी पुष्कळ त्रागा केला. मला मात्र त्या त्राग्यात जिवंतपणाची खूण दिसते, कारण मरता मरता दत्तकपत्र शेजाऱ्याच्या नावे करून जाणारा भाऊबंद आपल्या ओळखीचा आहे. त्याने हार मानली, आणि तीही आपल्या स्वभावाला धरून.

ही वाट सोडून फिराक्सिसने 2025 सालच्या सातव्या अवतारात डावाचे तीन युगांत तुकडे केले. प्राचीन, शोधयात्रेचे आणि आधुनिक, अशा या युगांपैकी पहिल्या दोहोंच्या अखेरीस संकटे कोसळतात, नंतर खेळाडू आपली संस्कृतीच बदलतो, बऱ्याच गोष्टी पुसल्या जाऊन सर्व जण पुन्हा जवळजवळ एका रेषेवर येतात, आणि मागील पराक्रमाचा अल्पसा वारसा तेवढा सोबत राहतो. यामागील तर्क स्पष्ट आहे: आरंभ रंजक असतो, म्हणून एका डावात तीन आरंभ द्यावेत. पण ज्याची आघाडी अशी फर्मान काढून जप्त केली जाते, त्याचा विजय कोणी मान्य केला असे होत नाही; प्रतिस्पर्ध्याने न दिलेली कबुली खेळाच्या कर्त्यानेही दिली नाही, उलट कमावलेले काढून घेतले. या खेळाचे स्वागत संमिश्र झाले, आणि युगान्ती होणारी तोडमोड हा आक्षेपांतील एक ठळक विषय होता, याचे कारण मला येथे दिसते.

याउलट जे खेळ लहान आहेत त्यांचे बरे चालले आहे. 1994 सालच्या ‘पँझर जनरल’ने प्रत्येक लढाईस खेळींची मर्यादा घालून दिली होती आणि लवकर मिळविलेल्या विजयास अधिक मान दिला होता, त्यामुळे रेंगाळण्यास जागाच नव्हती. 2018 सालच्या ‘इन्टू द ब्रीच’मध्ये आठ घरे लांब नि आठ घरे रुंद अशा पटावर प्रत्येक लढाई चार-पाच खेळींत आटोपते, शत्रू पुढे काय करणार हे आधी दाखविले जाते, म्हणून नशिबास बोल लावण्याची सोय उरत नाही, आणि सर्वांत मार्मिक गोष्ट ही, की चारांपैकी दोन बेटे वाचविल्यावर शेवटची लढाई केव्हा घ्यावयाची हे खेळाडूच ठरवितो, व ती लढाई त्याने वाचविलेल्या बेटांच्या संख्येप्रमाणे आपला आकार बदलते. शेवट कोठे असावा हा निर्णय येथे कंटाळ्याने घ्यावा लागत नाही.

मोठ्या पटावर तसेच काही करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न जॉन्सन यांनीच आपल्या मोहॉक या संस्थेतर्फे ‘ओल्ड वर्ल्ड’मध्ये, 2021 साली, केला आहे. तेथे प्रत्येक खेळीस हुकमांचा ठराविक साठा मिळतो. तो संपला की फौज कितीही मोठी असो, उरलेल्या तुकड्या जागच्या जागी उभ्या राहतात, आणि त्यामुळे चाळीस तुकड्यांचे तगादे आपोआप चार महत्त्वाच्या निर्णयांपर्यंत येतात. राजा मरतो, त्याच्या गादीवर बसणारा मुलगा निराळ्या स्वभावाचा निघतो, मातब्बर घराणी रुसतात. आणि विजयासाठी साऱ्या जगाचा उच्छेद करण्याची सक्ती नाही. राजघराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मनाशी धरलेल्या आकांक्षांपैकी दहा पुऱ्या केल्या की डाव सन्मानाने मिटतो. त्याचा पट प्राचीन काळापुरता मर्यादित, त्यामुळे रणगाडे आणि अवकाशयाने नाहीत, याची हळहळ काही जणांस वाटते. मला ती वाटत नाही. मात्र शेजारचा राजा येथेही, आपल्या शेवटच्या नगराच्या तटावर उभा राहून, खंडणी मागणारा दूत पाठवितो तेव्हा जुन्या व्याधीची आठवण होते, आणि ‘वॉरलॉर्ड्स’मधली मांडलिकत्वाची तरतूद ज्या मालिकेत जन्मली त्याच मालिकेने पुढील अवतारांत ती का टाकून दिली, याचे समाधानकारक कारण अजून कोणी दिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.